तारखांचा रकाना

जामखेडला तहसील कचेरीसमोरच्या गाळ्यात मी सात-आठ वर्षं झेरॉक्सचं दुकान चालवलं. माझं माहेर देवळाली प्रवराचं. तिकडे दाराबाहेर पाऊल टाकलं की ऊस, पाटाचं पाणी आणि चिखल. लग्न होऊन जामखेडला आले तेव्हा पहिला उन्हाळा मी टँकरची वाट बघण्यातच घालवला. हे एसटीत कंडक्टर, जामखेड–नगर फेरीवर. सासूबाई हातीपायी धड होत्या, घर त्याच सांभाळायच्या, आणि मी बी.कॉम. होऊन दिवसभर रिकामी. शेवटी ह्यांनीच पुण्याहून एक वापरलेलं मशीन आणवलं आणि मी दुकान उघडलं. बाईमाणूस मशीन चालवते म्हणून सुरुवातीला लोक नुसते बघायला थांबायचे. नंतर त्यांना सवय झाली आणि मलाही.

झेरॉक्सच्या मशीनमध्ये ओली शाई नसते, काळी पूड असते. कागदावर आधी नुसती ती पूड अक्षरांच्या आकारात बसते. फुंकर मारली तर उडेल अशी. मग तो कागद मशीनच्या शेवटच्या भागातून जातो. त्याला फ्यूजर म्हणतात. तिथे एक पातळ बेल्ट गोल फिरत असतो, आतून तापलेला, आणि खालून रबरी रूळ त्याला दाबून धरतो. दोन्हींच्या मधून कागद गेला की पूड वितळते आणि कागदाला कायमची धरते. ताजी झेरॉक्स हाताला गरम लागते ती त्यामुळे. हा बेल्ट झिजतो. त्याला चरे पडतात, कड विरते, मग तो काढून नवा बसवायचा. बदलण्यासाठीच केलेली वस्तू आहे ती, त्यात विशेष काही नाही.

पंच्याण्णव सालच्या जूनमध्ये माझ्या मशीनचा बेल्ट गेला.

दहावी-बारावीचे निकाल लागले होते. दाखले, गुणपत्रिका, जातीचे दाखले, रहिवासी दाखले, सगळ्यांच्या तीन-तीन प्रती. दुकानासमोर सकाळपासून माणसं उभी. मेकॅनिक नगरहून पंधरा दिवसांनी एकदा यायचा, तो नेमका त्या आठवड्यात आला. त्याने मागचं झाकण उघडलं, बेल्ट बाहेर काढून उजेडात धरला आणि मला दाखवला. एका कडेला चार बोटं रुंदीचा भाग पार विरला होता. वरचा गुळगुळीत थर निघून गेला होता.

"वहिनी, हा संपला," तो म्हणाला. "नवा नगरला मिळायचा नाही. पुण्याला सांगावा लागेल. आठ-दहा दिवस धरा."

"तोवर काय करू? बाहेर बघा की किती लोक आहेत."

त्याने जरा विचार केला. मग बेल्ट उलटा करून पुन्हा बसवला, दोन-चार कागद काढून पाहिले. "आता फाटणार नाही लगेच. पण डाव्या अंगाला नीट चिकटणार नाही, एवढं ध्यानात ठेवा. फॉर्मला जोडायचे कागद काढा खुशाल, त्यांचं चार दिवसांचं काम असतं. पण कुणाला जपून ठेवायचा कागद असेल तर बेल्ट येईपर्यंत काढू नका."

मी हो म्हटलं. त्याने हे दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा मी हो म्हटलं, हे मला स्पष्ट आठवतं.

त्यानंतर दोनच दिवसांनी नर्सबाई आल्या.

त्यांना तालुक्यात सगळे नर्सबाईच म्हणायचे, मी नुसतं बाई म्हणायची. खर्ड्याच्या रस्त्यावरच्या एका गावात आरोग्य उपकेंद्रात त्यांनी सगळी नोकरी काढली होती आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. उंच, काळ्यासावळ्या, पांढऱ्या साडीची सवय न सुटलेल्या. यजमान लवकर गेले होते, मुलगा नगरला नोकरीला. त्या एकट्याच राहायच्या, बौद्धवाड्याच्या तोंडाशी दोन खोल्यांचं घर होतं त्यांचं. आजूबाजूच्या दहा-बारा गावांत त्यांच्या हातावर जन्मलेलं माणूस नाही असं घर नसेल. माझ्या नणंदेचे दोन्ही मुलगे त्यांच्याच हातचे.

त्यांनी पिशवीतून एक जाड पुठ्ठ्याची लांब वही काढून काचेवर ठेवली.

"सूनबाई, ही आख्खी वही काढायची. एक पान सोडायचं न्हाई."

मी वही उघडली. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले रकाने. पहिल्या रकान्यात तारीख आणि वेळ, मग आईचं नाव, गाव, मुलगा का मुलगी, आणि शेवटी एखादी ओळ: "पायाळू", "जुळं", "पहिलटकरीण", "गाडीतच झाली". नोकरीला लागल्यापासूनचं प्रत्येक बाळंतपण त्यांनी त्यात लिहून ठेवलं होतं. नव्वदच्या वर पानं.

"सरकारी रजिस्टर असेल ना बाई दवाखान्यात?"

"असतंय. ते सरकारचं. त्यातली निम्मी मागं उंदरांनी खाल्ली. ही माझी सोताची." मग त्या हसल्या. "माझी जन्मतारीख ठाऊक हाय का तुला? एक जून. शाळंत घालताना मास्तरांनी आईला विचारलं, कधी झाली? ती म्हनली, सुगीत. मास्तरांनी एक जून लिव्हली. आमच्या वर्गात सतरा जनांची एक जून. सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिशी! म्हनून नोकरीला लागले तवाच ठरवलं, माझ्या हातनं झालेल्या लेकराला त्याची तारीख असंल. लोक येत्यात ना इचारायला. शाळंत घालताना येत्यात, लगीन ठरलं की येत्यात."

वहीच्या पुठ्ठ्याला वाळवी लागली होती. मागची दोन पानं चाळणीसारखी झाली होती. म्हणून त्यांना घाई होती. त्या गावातून जीपच्या मागे लोंबकळत आल्या होत्या, त्या वयात.

मला सांगायचं होतं. बाई, आठ दिवस थांबा, मशीनचा बेल्ट बदलायचाय, एवढं एकच वाक्य. पण काउंटरपाशी दहा-बारा माणसं फॉर्म घेऊन उभी होती आणि त्याच मशीनवर मी त्यांच्या प्रती काढत होते. बाईंना सांगितलं असतं तर त्या माणसांनीही ऐकलं असतं. स्टँडजवळ दुसरं दुकान होतंच, सगळी तिकडे गेली असती. मी काही बोलले नाही. बाईंना स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि पहिलं पान काचेवर पालथं ठेवलं.

अकराव्या का बाराव्या पानाला मी सवयीने अंगठा फिरवून बघितला. उजवीकडे स्वच्छ. डावीकडे अंगठ्याला राखाडी लागलं. अगदी थोडं. तारखांच्या रकान्यावर. मी अंगठा पदराला पुसला आणि बाराव्यानंतर तेरावं पान लावलं. मनात म्हटलं, नवा बेल्ट आला की बाईंना निरोप पाठवू, पुन्हा काढून देऊ. तसं ठरवल्यावर मला बरंही वाटलं.

सगळी पानं झाल्यावर मी ती नीट लावली, टाचली आणि माझ्याकडची एक प्लॅस्टिकची फाईल काढून त्यात घालून दिली. बाईंनी एक-दोन पानं डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

"मूळ वहीपेक्षा ठसठशीत दिसतंय की गं!"

खरंच दिसत होतं. पूड कागदावर बसलेली असते तोवर काळीभोर दिसते. ती कागदाला धरलेली आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही.

दहा दिवसांनी बेल्ट आला. पुण्याहून नगरला, आणि नगरहून ह्यांनी तो वर्तमानपत्राच्या सुरळीत गुंडाळून एसटीतून आणला. मेकॅनिक येऊन बसवून गेला. पहिला कागद बाहेर आला तो मी अंगठ्याने जोरात घासला, नखाने खरवडला. काही निघालं नाही. मला बाईंची आठवण झाली. त्यांच्या गावाकडचं कोणी दिसलं की सांगू असं म्हटलं. त्यांच्या गावाकडची माणसं रोज दिसत होती.

जुलैच्या शेवटी बाई स्वतःच पुन्हा आल्या. बरोबर त्यांच्या गावची एक शेतकरी बाई होती, मराठ्याची, हातभर हिरव्या बांगड्या, डोक्यावर पदर. तिच्या मुलीचा नर्सिंगच्या कोर्सला नंबर लागण्यासारखा होता. पण शाळेच्या दाखल्यावर तारीख एक जून, आणि त्या तारखेने तिचं वय काही महिन्यांनी कमी भरत होतं. खरा जन्म त्याआधीच्या हिवाळ्यातला. बाईंच्या वहीत तो होता, तारीख-वेळेसकट. दाखल्यावरची तारीख दुरुस्त करायला कचेरीत अर्ज केला होता. तिथल्या कारकुनाने सांगितलं की झेरॉक्स चालणार नाही, मूळ वही अर्जाबरोबर दाखल करा.

बाई वही हातात घेऊन माझ्या दुकानात आल्या, कचेरीत जायच्या आधी.

"सूनबाई, तुझं काय मत? देऊ का? जीव व्हत न्हाई द्यायला."

ती दुसरी बाई माझ्याकडे बघत होती, जसं काही ठरवायचं माझ्याच हातात आहे.

वही माझ्या काचेवर होती. मशीन तापलेलं होतं, बेल्ट नवा होता, रीममध्ये कागद होते. तासाभराचं काम. मी म्हणायला हवं होतं, थांबा बाई, मागच्या खेपेला बेल्ट खराब होता, पुन्हा काढते, मग द्या. पण मग बाईंनी विचारलं असतं, तुला तेव्हा ठाऊक होतं? त्या दिवशीही दुकानात माणसं होती, आणि हेही सुट्टीवर असल्याने माझ्या शेजारी बसले होते. ह्यांना मी खराब बेल्टचं काहीच सांगितलं नव्हतं. सगळ्यांसमोर माझा खोटेपणा उघडा पडला असता. एवढीशी गोष्ट होती. आज वाटतं, एवढ्याशाच गोष्टीची मला लाज वाटली.

"द्या की खुशाल," मी म्हटलं. "तुमच्याकडे झेरॉक्स आहे ना सगळ्याची."

"व्हय, ते हाय म्हना," बाई म्हणाल्या आणि मुलीच्या आईकडे वळल्या. "चल, देऊ. पोरगी शिकंल."

मुलगी शिकली. तिची तारीख दुरुस्त झाली, तिला प्रवेश मिळाला. ते चांगलं झालं आणि त्याचं मला आजही समाधान आहे. पण वही परत आली नाही. बाई दोन-तीनदा कचेरीत गेल्या, कारकून म्हणाला, प्रकरणाला जोडलीय, वर गेलीय, येईल. दिली त्याची पोचही त्यांनी घेतली नव्हती. मी समोरच दुकान टाकून बसलेली, रोज माणसांना सांगायची की कागद दिला की पोच घ्या. बाईंना मात्र मी ते सांगितलं नव्हतं. त्यांना दुकानातून लवकर बाहेर काढण्याचीच घाई झाली होती मला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात, भर दुपारी, दुकानात कोणी नसताना बाई आल्या. तीच प्लॅस्टिकची फाईल काखेत होती. आल्या आल्या त्या बसल्या नाहीत. फाईल उघडून त्यांनी ती माझ्या काचेवर उपडी केली. पानं पडली आणि पानांबरोबर काळी पूड पडली. चहापूड सांडावी तशी नाही, त्याहून बारीक, काजळीसारखी.

"हे बघ," त्या म्हणाल्या.

मी एकेक पान उचललं. आईचं नाव होतं, गाव होतं, मुलगा-मुलगी होतं, "पायाळू" होतं, "जुळं" होतं. डावीकडचा रकाना पांढरा होता. त्याच्यावर बोट फिरवल्यासारखे मळकट फराटे. कुठे एखादा सात राहिला होता, कुठे सालाचे शेवटचे दोन आकडे. बाकी उन्हाळ्यात पत्र्याखालच्या ट्रंकेत तापून, पानावर पान घासून सगळं निघून गेलं होतं. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला उलटी अक्षरं उमटली होती, पण तीही एकावर एक चढलेली.

"काल वरच्या वस्तीवरला एकजन आला हुता, लेकीची तारीख बघायला. मी म्हनलं, थांब, आत्ता सांगते. फाईल उघडली तर हे. असं कसं झालं?"

"बाई, मशीनचा बेल्ट खराब होता तेव्हा," मी म्हटलं. "त्याच्यामुळे पूड चिकटली नाही."

"बेल्ट मंजे?"

मी त्यांना मशीनचं झाकण उघडून दाखवलं. का दाखवलं कोण जाणे. हा बेल्ट तापतो, कागद असा जातो, हा झिजला की असं होतं. मी भराभर बोलत होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. आयुष्यभर बायांचं ऐकून घेण्याची त्यांना सवय होती.

"हा बदलता येतो?"

"हो. बदलला मी."

"कवा?"

"तुमची वही काढल्यावर... दहा दिवसांनी."

त्यांचे ओठ हलले, मनातल्या मनात दिवसांचा हिशेब लावत होत्या.

"मंजे मी त्या पोरीच्या आईला घिऊन आले, तवा नवा हुता."

"हो."

"आन् वही हितंच हुती. ह्या काचंवर."

"हो बाई."

"तुला ठाऊक हुतं? माझं कागद असं हुनार म्हनून?"

या प्रश्नाला मी वर्षभर घाबरत होते. खोटं बोलण्याचा विचार मनात आला नाही असं नाही. मेकॅनिकचं नाव पुढे करता आलं असतं. पण बाईंच्या साडीवर, मांडीच्या जागी, काळे डाग पडले होते. फाईल मांडीवर धरून जीपमध्ये बसल्या असतील.

"हो," मी म्हटलं. "अंगठ्याला लागलं होतं तेव्हाच."

मला वाटलं त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. पानं गोळा करायला लागल्या, एकेक झटकून. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाल्या, "राहू दे." सगळी पानं फाईलमध्ये घातली आणि दाराशी जाऊन थांबल्या.

"मला म्हनली असतीस, तर मी आठ दिवस थांबले नसते का गं? मी बायांच्या उशाशी दोन-दोन दिवस थांबलीय."

आणि त्या गेल्या. मी काच पुसली. ओल्या फडक्याने पुसल्यामुळे ती पूड आणखीच पसरली.

त्या संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. हे रागावले नाहीत, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वही शोधू आधी." आम्ही दोघं कचेरीत गेलो. तो कारकून बदलून गेला होता. नव्याने रेकॉर्डच्या खोलीत नेऊन दाखवलं. छतापर्यंत गठ्ठे, लाल फडक्यात बांधलेले, त्यावर धूळ. ह्यांनी सुट्टीचे तीन दिवस तिथे गठ्ठे सोडले आणि बांधले. त्या मुलीचा अर्ज सापडला, आदेश सापडला. वही नव्हती. नगरच्या कार्यालयात गेली असेल, असं कोणी म्हणालं. ह्यांनी तिथेही दोन खेपा घातल्या. नंतर आम्ही थांबलो.

मग मी एका रविवारी बाईंच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, आत घेतलं, चहा टाकला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली स्वच्छ सारवलेली जमीन. मी म्हटलं, "बाई, तुम्हाला आठवेल तेवढं सांगा, मी पुन्हा लिहून घेते. नावं तर आहेत." त्या उठल्या आणि फाईल घेऊन आल्या.

असे आम्ही आठ-नऊ रविवार बसलो. मी नाव वाचायची आणि बाई डोळे मिटून घ्यायच्या. त्यांना इतकं आठवायचं की मी थक्क व्हायची. "हिच्या बारीला बैलगाडीचं चाक निखळलं, मी पाऊन कोस चालत गेले." "ही लई भ्यालेली, माझा हात सोडंना, चार दिस वळ हुते." "हिचं पोरगं रडंना. मी उलटं धरून थापट्या दिल्या, तवा कुठं रडलं, आन् मंग मीच रडले." कोणता ऋतू, कोणतं घर, चुलीवर काय होतं, सासूने काय म्हटलं, सगळं. तारीख तेवढी आठवायची नाही. ती लिहिलीय म्हणून त्यांनी ती डोक्यात ठेवलीच नव्हती.

"दुष्काळाचं साल हुतं. रोजगार हमीच्या कामावरनं बाया आल्त्या बघायला. भाद्रपद असावा," त्या म्हणायच्या.

"मग सप्टेंबर लिहू का? मधली एखादी तारीख घालते."

एवढ्यावरच त्या एकदा चिडल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "अंदाजानं लिव्हायचं न्हाई! अंदाजानंच एक जून हुतंय. येत नसंल तर मोकळं सोड."

मी मोकळं सोडलं. काही तारखा शाळेच्या रजिस्टरवरून, काही बायकांच्या स्वतःच्या आठवणीतून मिळाल्या. एखादीने देवापुढे भिंतीवर कोळशाने लिहून ठेवली होती. गावोगाव फिरलं असतं तर आणखी मिळाल्या असत्या. फिरायला हवं होतं, बाईही म्हणाल्या होत्या, "चल, आपन दोघी जाऊ, दिवाळीनंतर." मी हो म्हटलं. दिवाळीनंतर दुकानात दुसरं मशीन आलं, सासूबाईंचा पाय मोडला, मग परीक्षा आल्या. सगळं खरं होतं. पण मी जायची थांबले त्याचं कारण यातलं एकही नव्हतं. एकेका जन्माची गोष्ट त्या सांगायच्या आणि शेवटी रकाना मोकळा राहायचा, आणि त्या वेळी त्या माझ्याकडे बघायच्या नाहीत. मुद्दाम खिडकीकडे बघायच्या. ते मला सोसेना.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांना गुडघ्यांनी अगदीच बसवलं आणि मुलगा त्यांना नगरला घेऊन जायला आला. मला कळलं तेव्हा मी दुकान बंद करून गेले. दारात टेम्पो उभा होता. भांडी, पलंग, ट्रंक चढवून झालं होतं. बाई ओट्यावर बसल्या होत्या.

मी पाया पडायला वाकले तर त्यांनी माझा हात धरला.

"रागावले न्हाई असं मी म्हननार न्हाई," त्या म्हणाल्या. "लई रागावले हुते. अजून हाय थोडा. तुला बरं वाटावं म्हनून खोटं कशाला बोलू."

"नका बोलू, बाई."

मग त्यांनी फाईल आणि आम्ही लिहिलेले कागद माझ्या हातात दिले. "हे तुझ्याकडं ठेव. लोक हितं येतील इचारायला. नगरला कोन येतंय? जेवढं हाय तेवढं सांगत जा. नसंल ते न्हाई म्हनून सांग. फिरवाफिरवी करू नको कुनाची."

टेम्पो निघाला. वस्तीवरच्या बायका रस्त्यापर्यंत गेल्या, मी ओट्यापाशीच उभी राहिले.

नगरला मी त्यांना एकदाच भेटले. हे रोज त्या शहरात जायचे, त्यांच्या गाडीत बसायला मला कधीही जागा होती, तरी तीन वर्षांत एकदाच. बाई मुलाच्या घरी बाहेरच्या खोलीत खाटेवर होत्या. नातू शेजारी अभ्यास करत होता. आम्ही गुडघ्यांबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो. कागदांबद्दल त्यांनी एकच विचारलं, "येत्यात का कोन?" मी म्हटलं, येतात. त्यांनी मान हलवली. निघताना मी पुन्हा येईन म्हटलं. दशक संपता संपता त्या गेल्या. ह्यांना ते एका प्रवाशाकडून, अंत्यविधी होऊन गेल्यावर कळलं.

लोक खरोखरच येत राहिले. बाईंच्या गावाहून, वस्त्यांवरून, लग्न होऊन दुसरीकडे गेलेल्या मुलीसुद्धा. "नर्सबाईंचं कागद तुमच्यापाशी हायत म्हनं." मी मशीन थांबवायची आणि फाईल काढायची. कधी तारीख असायची, मग तो माणूस हातावर लिहून घ्यायचा. बहुतेक वेळा नसायची. पहिल्या-पहिल्यांदा मी म्हणायची, कागद खराब झाले. नंतर खरं सांगायला लागले, की माझ्या मशीनचा बेल्ट खराब होता आणि ठाऊक असून मी काढले. काहींना ते कळायचं नाही, काहींना पटायचं नाही की कोणी आपणहून असं सांगेल. एकजण मला वाटेल ते बोलून गेला. त्याच्या मुलाचं सैन्यभरतीचं अडलं होतं. त्याचं बरोबर होतं.

एकदा एक ऊसतोडीला जाणारी बाई आली. तान्हं कडेवर, आणि एक सहा-सात वर्षांची मुलगी बोटाला. थोरलीला शाळेत घालायचं होतं. मी नाव विचारलं, पानं उलटली. नाव होतं. शेवटच्या रकान्यात बाईंनी लिहिलं होतं, "आई व मुलगी सुखरूप." तारखेच्या जागी काही नव्हतं.

मी तिला ते सांगितलं. कारणही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कुठं हाय माझं नाव? दाव की."

तिला वाचता येत नव्हतं. मी तिचं बोट धरून नावावर ठेवलं. तिने ते हळूच उचललं, पुसलं जाईल म्हणून.

"लिव्हलंय न्हवं बाईनी," ती मुलीला म्हणाली. "हे बघ, आपलं हाय हितं."

मग ती शाळेकडे गेली. मास्तरांनी कोणती तारीख घातली असेल ते मला विचारावं लागलं नाही.